फिल्टर धुण्याचे रविवार

आमच्या घरात पाणी कधीच उकळलं गेलं नाही. पावसाळ्यात शेजारणी पातेली भरभरून पाणी उकळायच्या, नळाच्या तोंडाला फडकं बांधायच्या, हंड्यात तुरटी फिरवायच्या. आणि आमची आई तेच पाणी तांब्यात धरून सरळ आमच्या हातात द्यायची. पाणी उकळणं म्हणजे पप्पांचा अपमान होता. नदीचं पाणी शुद्ध करून गावोगावच्या नळांना सोडणारं एक केंद्र आमच्या बदलापूरला होतं, पप्पा तिथे कामाला होते. आम्ही त्याला फिल्टर हाऊस म्हणायचो. एखाद्या पाहुण्याने चुकून "पाणी गाळलेलं आहे ना?" असं विचारलं, की पप्पांचा घास हातातच राहायचा.

लहानपणी मी कधीकधी त्यांचा डबा द्यायला जायचे. ती जागा मला अजून दिसते, आणि दिसते ती नेहमी दुपारचीच. उंच छताची लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोनी हौद, मधून अरुंद वाट. पाण्याच्या तळाशी वाळू. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडायचं आणि तिथून उलटून छतावर हलत राहायचं. पाणी शुद्ध करायला घालतात त्या टीसीएल पावडरीचा वास घरी आल्यावरही माझ्या वेणीला यायचा. बोललं की आवाज घुमायचा, म्हणून मी बोलायचेच नाही. वाळू धुवायची वेळ झाली की पप्पा एक मोठं चाक फिरवायचे आणि हौदाच्या तळातून हवा वर यायला लागायची. सगळी वाळू उकळी फुटल्यासारखी उठायची. पाणी तपकिरी व्हायचं, तो मळ कडेच्या पन्हळीतून वाहून जायचा, आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, तळ परत दिसायला लागायचा. तो दिसेपर्यंत मी तिथून हलायचे नाही.

शेवटी पप्पा काचेच्या ग्लासात पाणी घेऊन खिडकीसमोर धरायचे. गढूळपणा मोजायचं यंत्र तिथे होतंच, पण साहेबसुद्धा यंत्राचा आकडा बघून झाला की पप्पांच्या तोंडाकडे बघायचे. पप्पांनी मान हलवली की पाणी पुढे जायचं.

त्या नजरेचा आम्हाला घरी फार जाच व्हायचा. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले की चार, हे त्यांना भाताकडे बघून कळायचं. धुतलेल्या ग्लासावर बोटाचा ठसा राहिला तर तो ग्लास काही न बोलता मोरीत परत जायचा. मीही त्यांच्यावरच गेले. नाकावर राग, आणि माझंच खरं. आई म्हणायची, या घरात मी दोन साहेबांच्या हाताखाली नोकरी करते.

ते निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी त्यांना घड्याळ किंवा सुटाचं कापड दिलं नाही, माशांची टाकी दिली. दोन फुटांची काच, खाली रंगीत खडे, आणि आत कोपऱ्यात रबरी चकत्यांनी चिकटवलेला एक छोटा फिल्टर. अशा माणसाला एकदम फिल्टरशिवाय ठेवायचं कसं, असं कोणीतरी भाषणात म्हणालं होतं आणि सगळे हसले होते. पप्पा हसले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी तो फिल्टर उघडून बघितला. आत मोटर आणि एक निळा स्पंज. "हा काय फिल्टर हाय?" असं म्हणून त्यांनी तो परत बंद केला, पण टाकी ठेवली मात्र बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या फोटोच्या शेजारी, जिथे खिडकीचा उजेड येतो तिथे.

तोवर माझं लग्न झालं होतं. मी विठ्ठलवाडीला राहायचे, उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवायचे, आणि रविवारी माहेरी यायचे. दोन हजार पाच-सहाचा तो सुमार. बदलापुरात जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उठत होत्या, सोनिवलीकडच्या भाताच्या खाचरांत फ्लॅटच्या जाहिराती उभ्या होत्या, आणि वीज मात्र रोज दुपारी जायची. बाराला जायची ती अडीचला यायची.

पहिल्या महिन्यात टाकीतल्या चारही गोल्डफिश मेल्या. त्या मेल्या पप्पांच्या हातून, आणि का मेल्या हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. स्पंज काळा झाला होता म्हणून त्यांनी तो काढला, नळाखाली धरला आणि अगदी निळाशार होईपर्यंत पिळून पिळून धुतला. टाकीतलं सगळं पाणीही बदललं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, पाचव्या दिवशी मासे वर आले. पप्पांना काही कळेना. त्यांच्या मते जगातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यांनी माशांना दिलं होतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी उल्हासनगर कॅम्पातल्या, शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदार सिंधी, पन्नाशीचा, दोन्ही बाह्या कायम दंडापर्यंत दुमडलेल्या. मी सगळं सांगितलं. तो कपाळाला ओला हात लावून म्हणाला, "दीदी, स्पंज में जो काला है ना, वो सब गंदगी नहीं है. उसमें जान है. वोही पानी को ठीक रखता है. नल का पानी मारा, तो दवाई से वो मर गया. वो मर गया तो मछली मर गयी. सिंपल!" मग त्याने मला समोरच्या टाकीत हात घालून रीत दाखवली. आधी बटण बंद. मग एक प्लास्टिकची पिशवी पाण्यात आतच फिल्टरच्या खालून वर ओढायची, फिल्टर पिशवीत आला की दोन्ही मिळून उचलायचं, म्हणजे साचलेला मळ टाकीत सुटत नाही. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा-तीनदा दाबायचा, पिळायचा नाही. थोडा काळा राहू द्यायचा. परत बसवून चालू केलं की पहिला घोट घाण निघतो, तेव्हा तोंडाशी पांढरं फडकं धरायचं. "जल्दी नहीं करने का," तो म्हणाला. "जल्दी किया तो पूरा टँक चाय बन जायेगा."

मी हे सगळं पप्पांना सांगितलं, फक्त नळाच्या पाण्याचा भाग गाळून. ते लांबूनच म्हणाले, "घाणेरड्या पाण्यात घाण धुवायची? हे कुठलं शास्त्र?" पण त्यांनी मला अडवलं नाही. मी नवे मासे आणले, काळ्या मॉली आणि दोन एंजल. त्या दिवसापासून फिल्टर धुणं माझ्याकडे आलं.

ते रविवार आठवले की मला अजून गुंगी येते. आई पांढरं पातळ नेसून विहारात वंदनेला गेलेली असायची, तिथून ती शेजारणींशी बोलत बोलत दीडपर्यंत यायची. बाराला वीज गेली की पंखा शेवटचे दोन-तीन वळसे घेऊन थांबायचा, फ्रिज गप्प व्हायचा, सगळ्या इमारतीतले टीव्ही एकदम बंद व्हायचे, आणि टाकीतल्या फिल्टरची ती दिवसभराची घरघर थांबायची. ती थांबली की कळायचं, ती चालू होती. मी बाही वर करून पाण्यात हात घालायचे. पाणी कोमट असायचं. मॉली मनगटाला हळूच तोंड लावून बघायच्या. मी पिशवी खालून वर ओढायचे, इतकी सावकाश की एकही खडा हलू नये, आणि पिशवीत तो काळा ढग सुटलेला दिसायचा, बाहेर मात्र पाणी जसंच्या तसं. मला त्या क्षणाचा विलक्षण आनंद व्हायचा. शाळेत दिवसभर मी ओरडत असायचे, घरी स्वयंपाकात भांडी आपटायचे. इथे माझ्या हातांना कुठून एवढा धीर यायचा कोण जाणे.

स्पंज दाबून परत बसवला की वीज येईपर्यंत काही काम नसायचं. मी आणि पप्पा टाकीसमोर बसून राहायचो, ते खुर्चीत, मी खाली फरशीवर. खिडकीतलं ऊन पाण्यातून येऊन त्यांच्या लेंग्यावर हलायचं. आम्ही फारसं बोलायचो नाही. कधी ते फिल्टर हाऊसचं काही सांगायचे, की श्रावणात नदी कशी चहासारखी यायची, आणि एकदा दोन दिवस घरी न येता त्यांनी त्या पाण्याचा गढूळपणा कसा उतरवला होता. मला डुलकी लागायची. अडीचला फिल्टर आपोआप सुरू झाला की मी दचकून उठायचे आणि धावत जाऊन त्याच्या तोंडाशी फडकं धरायचे.

दिवाळीनंतरचा एक रविवार. मी फडकं धरलं, वीस अंक मोजले, काढलं. पप्पा खुर्चीतून म्हणाले, "आज गढूळ केलंस."

"कुठे गढूळ?"

"धूर हाय त्यात. पलीकडचं काय दिसत नाय."

मी चिडले. अडीच तास कंबर मोडून बसल्यावर हे ऐकायचं! "तुमचं समाधान देव आला तरी करणार नाही," असं काहीसं बोलले मी, आणि आमच्या घरात देवाचं नाव काढल्याबद्दल वर आणखी बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी मी पिशवीऐवजी मोठा डबा घेतला, तो पाण्यात बुडवून त्यात फिल्टर आतच उतरवला. एक कणही सुटला नाही. पप्पा म्हणाले, "गढूळ." त्याच्या पुढच्या रविवारी मी नवीन मलमलचं फडकं आणलं, फिल्टर सुरू झाल्यावर शंभर अंक मोजेपर्यंत धरलं, आणि भांडायच्या तयारीने ते पप्पांच्या तोंडासमोर नेलं. फडकं पांढरंशुभ्र होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उजेडाकडे वळले, आणि फडक्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "हे बघ. मळ आलाच ना."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मी कितीतरी वर्षांत त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी कशाकडे पाहिलं आहे, तेवढंच पाहायचे. उजव्या बुबुळावर पिवळट साय धरली होती. टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं, की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा त्यातून वाचता येत होत्या.

मी म्हणाले, "हो पप्पा, थोडा आलाय. पुढच्या वेळी नीट धुते."

हे मी का बोलले याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दुसऱ्या कोणाचे वडील असते तर मी तिथल्या तिथे हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण या माणसाने आयुष्यभर फक्त बघितलं होतं. तेवढंच त्यांचं होतं. त्यांना कसं सांगायचं, की पाणी ठीक आहे, तुम्ही ठीक नाही? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्यांच्या रागाची नव्हे. सांगितल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, त्याची.

प्रत्येक रविवारी ठरवून जायचे, की आज बोलायचं. ट्रेनमधून उतरून घरापर्यंत चालताना वाक्यं जुळवायचे. आणि घरी आले की बाह्या वर करून पाण्यात हात घालायचे. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. माझा हात इतका साफ झाला की त्या दुकानदाराने बघितला असता तर मला नोकरीला ठेवलं असतं. पण तो हात मी कशासाठी साफ करत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. मी भित्री होते. आईलाही मी काही बोलले नाही. एकदा तीच ओट्याशी म्हणाली, "हल्ली चहा बशीत सांडतात गं," आणि मी म्हणाले, "वय झालं." त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

माघातल्या एका रविवारी मी पोचले तेव्हा पप्पा टाकीजवळ उभे होते. हातात माशांच्या खाण्याची डबी. ते चिमटीने दाणे टाकत होते, आणि दाणे टाकीच्या बाहेर, काचेच्या कडेवरून खाली फरशीवर पडत होते. पाण्यात मॉली वर तोंडं करून जमल्या होत्या. पप्पा दाणे टाकायचे, थांबायचे, कान दिल्यासारखी मान कलती करायचे. मग पुन्हा चिमूट.

"खात नायत आज," ते म्हणाले.

मी खाली बसले आणि फडक्याने दाणे गोळा केले. डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं. मग म्हणाले, "पप्पा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या."

मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. डबी बंद करून त्यांनी ती चाचपत टाकीच्या झाकणावर ठेवली, आणि दाराशी जाऊन पायाने चपला शोधायला लागले. "आजच?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "उद्या. आज रविवार आहे." तरी ते थोडा वेळ चपला घालून तसेच उभे राहिले.

सोमवारी मी शाळेतून रजा घेतली. उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, परत तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. पण त्याच्या मागे काचबिंदूही होता. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती, आणि ती परत येणार नव्हती. डाव्याची राहिली आहे तेवढी थेंबांनी टिकवता येईल, असं त्या म्हणाल्या. मग फाइलमध्ये लिहिता लिहिता, वर न बघता, "तीन-चार महिने आधी आणायला हवं होतं."

मी बोटांवर मोजायला लागले. दिवाळी ते माघ. मोजायची काही गरज नव्हती. पप्पा शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. रिक्षात, गाडीत, घरापर्यंत त्यांनी माझा दंड धरला होता, आणि मला तो हात सहन होत नव्हता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी होतं. मधल्या रविवारी मी गेले तेव्हा वीज नुकतीच गेली होती, आणि पप्पा टाकीसमोर पाटावर बसले होते, बनियनवर, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. शेजारी बादली. मी धावले तर म्हणाले, "थांब. मी करतो."

त्यांनी बोटांनी चाचपून फिल्टर शोधला, खालून पिशवी चढवली, उचलली. बादलीत स्पंज दाबला. एकदा, दोनदा. थांबले. अंगठ्याने त्याची छिद्रं चाचपली आणि तो बाजूला ठेवला. पाणी जराही हललं नव्हतं. डोळे मिटलेलेच होते. मला ते दुकानात उभं राहून शिकावं लागलं होतं. त्यांनी बहुतेक माझ्या हातांच्या आवाजावरून शिकून घेतलं असावं.

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले. आणि मग मला राहवलंच नाही.

"पप्पा, मला माहीत होतं. दिवाळीपासून. पाणी स्वच्छ होतं, प्रत्येक रविवारी स्वच्छ होतं. मी बोलले नाही. मी तेव्हाच बोलले असते तर तुमचा डोळा..."

मी शाळेतल्या पोरीसारखी हुंदके देत राहिले. पप्पांनी ओला हात लेंग्याला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला टाकीच्या पाण्याचा शेवाळी वास येत होता.

"मला पण माहीत होतं गं," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"तुझ्या आधीपासून. गणपतीत कळलं मला. रोज सकाळी एक डोळा झाकून बघायचो, मग दुसरा. पाण्याला काय झालेलं नाय, एवढं पण कळणार नाय का मला?"

"मग गढूळ गढूळ का म्हणत होतात?"

त्यांनी बाजूला ठेवलेला स्पंज परत हातात घेतला. खालच्या मजल्यावर कोणीतरी कपडे झटकत होतं, तेवढाच आवाज. टाकीत फिल्टर नव्हता, मासे जागच्या जागी तरंगत होते.

"तू धुवायला बसलीस ना," पप्पा म्हणाले, "की तेवढा वेळ मला वाटायचं, पाणीच गढूळ असेल, डोळा नाय."